विळा, पेशी आणि मधला गळालेला शब्द

नंदुरबार जिल्ह्यात ‘सेल’ या शब्दाचे निदान तीन अर्थ चालतात. बॅटरीत घालायचा तो सेल. दिवाळीच्या तोंडावर शहाद्याच्या नाहीतर नंदुरबारच्या कापड दुकानावर लागतो तो सेल. तिसऱ्याला मात्र मागे आधार लागतो, तो सुटा बोलला जात नाही: सिकलसेल. धडगाव-मोलगीच्या डोंगरातल्या पाड्यावर ज्यांच्या रोजच्या बोलण्यात मराठीसुद्धा बेताचीच असते, त्यांच्याही तोंडी हा शब्द सहज येतो. ‘सिकलसेल निघाला’, ‘तिला सिकलसेल आहे’, ‘एसएस आहे’. आशाताई बोलतात, आश्रमशाळेतली पोरं बोलतात, आजीही बोलते. इंग्रजीतल्या दोन शब्दांचा हा जोड इथे एकाच श्वासात, मध्ये जागा न सोडता म्हटला जातो. आपण लिहितोही तसाच, एकसंध.

शब्द अंगवळणी पडला की त्याला ‘तू कुठला रे?’ असं कोणी विचारत नाही. मला तेच विचारावंसं वाटलं. याचं एक कारण असं की ज्या घरांत हा शब्द शिरला आहे, त्यातल्या जवळपास प्रत्येक घरात शब्दाचा पहिला अर्धा भाग कुडाला खोचून ठेवलेला असतो. ‘सिकल’ म्हणजे विळा. ज्वारी कापायचा, गवत कापायचा, साधा विळा.

आधी या पहिल्या पदाचं कूळ पाहू. इंग्रजीतला ‘सिकल’ मूळचा लॅटिन. ‘सेकारे’ म्हणजे कापणे, त्यावरून ‘सेकुला’ म्हणजे कापायचं हत्यार. रोमन लोकांचं हे अवजार शब्दासकट उत्तरेकडच्या शेतकऱ्यांनी उचललं आणि जुन्या इंग्रजीत त्याचं ‘सिकोल’ झालं. त्याच ‘सेकारे’च्या वंशातली इतर भावंडं आपल्या चांगल्या ओळखीची आहेत. कचेरीतला सेक्शन, नव्या वसाहतीतला सेक्टर, भूमितीतला सेगमेंट. ‘इन्सेक्ट’ही त्यातलाच, कारण किड्याचं अंग कापून सांधे पाडल्यासारखं दिसतं. या सगळ्यांत विळा तेवढा शेतात राहिला, बाकीचे शिकून शहरात गेले.

मराठी कानाला इथे एक चकवा लागतो. ‘सिकल’ ऐकलं की ‘शिकलगार’ आठवतो. गावोगाव फिरून विळ्या, कोयते, सुऱ्यांना धार लावून देणारा. धंदा विळ्याचा आणि नावात ‘शिकल’, मग नातं असणारच असं वाटतं, पण ते नाही. शिकलगारातला ‘शिकल’ अरबी ‘सैकल’वरून फारसीमार्गे आला. सैकल म्हणजे घासून चमकवणे, जिल्हई देणे. जुन्या फौजांत तलवारी लखलखीत ठेवणारा तो सैकलगर. लॅटिन विळ्याचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही. दोन वेगळ्या वाटांनी आलेले दोन शब्द एकाच पात्याजवळ येऊन उभे राहिले, एवढंच. व्युत्पत्ती शोधणाऱ्याने कानावर विसंबू नये, हा धडा शिकलगाराने फुकट दिला.

आपल्याकडे विळ्याला नावं कमी नाहीत. अहिराणीत त्याचा ‘इळा’ होतो. नवापूरच्या बाजूला, जिथे रेल्वे स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, तिथे गुजराती बोलणाऱ्याच्या तोंडी तो ‘दातरडुं’ असतो. हे दातरडुं थेट संस्कृत ‘दात्र’चं लेकरू. दात्र म्हणजे विळा. हा ‘दात्र’ लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता दुसरं पद, सेल. याचं मूळही लॅटिनच: ‘सेल्ला’, म्हणजे लहानशी खोली, कोठार. रोमन देवळात देवाची मूर्ती जिथे असे त्या आतल्या दालनालाही सेल्लाच म्हणत. आपल्या शब्दात, गाभारा. मग मठातल्या साधूची खोली सेल झाली, तुरुंगातली कोठडी सेल झाली. या शब्दाच्या मुळाशी ‘झाकणे, लपवणे’ असा अर्थ सांगतात आणि त्याच मुळाशी काही व्युत्पत्तिकार इंग्रजीतला ‘हॉल’ आणि संस्कृतातली ‘शाला’ही नेऊन जोडतात. म्हणजे आश्रमशाळेतली शाळा आणि सिकलसेलमधला सेल हे दूरचे चुलत-चुलत भाऊ ठरतात. शाळेतल्या तपासणीत ते पुन्हा एका छपराखाली येतात, हा नुसता योगायोग.

खोलीची पेशी केली ती रॉबर्ट हूकने. १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’त त्याने बुचाच्या पातळ कापाचं सूक्ष्मदर्शकातलं चित्र दिलं. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रिकामी घरंच घरं. त्यांना त्याने सेल म्हटलं. त्याला दिसल्या होत्या नुसत्या भिंती, आतला जीव केव्हाच वाळून गेला होता. तरी नाव टिकलं आणि पुढे जिवंत पेशीला चिकटलं. मराठीने यासाठी ‘पेशी’ घेतला. सुश्रुताने शरीरात पाचशे पेशी सांगितल्या आहेत, पण त्या मांसाच्या, म्हणजे आजचे स्नायू. हिंदीने ‘मांसपेशी’ तशीच ठेवली आणि सेलसाठी ‘कोशिका’ केला. कोश म्हणजे कोठार, म्हणजे हिंदीवाले लॅटिनच्या अधिक जवळ राहिले. उत्तरेकडच्या कोर्टात ‘पेशी’ म्हणजे खटल्याची तारीख, ती फारसीतली आणि तिचा मांसाशी काही संबंध नाही. तर ‘पेशी’ म्हटल्यावर कोणाला काय ऐकू येईल याची खात्री देता येत नाही.

दोन्ही पदं ओळखीची झाली. त्यांचं लग्न लागलं ते अमेरिकेत, आणि तेही दोन टप्प्यांत.

वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरचा वॉल्टर क्लेमेंट नोएल हा वीस वर्षांचा तरुण १९०४ साली दंतवैद्यक शिकायला शिकागोला आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर खोकला, ताप आणि अशक्तपणा घेऊन तो तिथल्या प्रेसबिटेरियन रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या शिकाऊ डॉक्टरने त्याच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून पाहिला. तांबड्या रक्तकणिका नेहमी बश्यांसारख्या वाटोळ्या असतात. इथे मधूनमधून लांबट, निमुळत्या, वाकड्या कणिका दिसत होत्या. आयर्न्सने वरिष्ठांना, डॉ. जेम्स हेरिक यांना, त्या दाखवल्या. हेरिक यांनी घाई केली नाही. अडीच वर्षं हा रुग्ण त्यांच्या नजरेखाली राहिला. नोव्हेंबर १९१० मध्ये त्यांनी शोधलेख छापला. लेखात रुग्णाचं नाव नव्हतं, वय आणि वर्ण होता. नोएल तोवर पदवी घेऊन ग्रेनाडाला परतला होता आणि दातांचा दवाखाना चालवत होता. १९१६ साली तो न्यूमोनियाने वारला. त्याचं नाव अभ्यासकांनी उजेडात आणलं ते कितीतरी दशकांनी.

हेरिक यांच्या मथळ्यात ‘सिकलसेल’ हा शब्द नाही. मथळ्याचा मराठीत अर्थ असा: तीव्र रक्तक्षयाच्या एका रुग्णातील चमत्कारिक, लांबट आणि विळ्याच्या आकाराच्या तांबड्या रक्तकणिका. त्यांनी सेल म्हटलं नाही, ‘कॉर्पसल’ म्हटलं, म्हणजे चिमुकलं शरीर, कण. नुसतं ‘सिकल’ही म्हटलं नाही, ‘सिकल-शेप्ड’ म्हटलं. विळ्याच्या *आकाराच्या*. साधा, सावध माणूस होता. जे दिसलं तेवढंच लिहिलं, आजाराला नावसुद्धा दिलं नाही.

नाव दिलं व्हर्न मेसन यांनी, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून, १९२२ साली. तोवर असे रुग्ण कागदावर आले होते तीन, मेसन यांचा चौथा. त्यांनी लेखाच्या डोक्यावर तीन शब्द लिहिले: सिकल सेल अॅनिमिया. कणिकेची पेशी झाली आणि ‘आकाराची’ हे पद गळून पडलं.

शाळेत मोरो केशव दामल्यांच्या परंपरेतलं व्याकरण ज्यांनी घोकलं असेल त्यांना हा प्रकार ओळखू येईल. हा मध्यमपदलोपी समास. साखरभात म्हणजे साखर घालून केलेला भात, चुलतसासरा म्हणजे नवऱ्याचा चुलता या नात्याने सासरा. दोन पदांमधला संबंध सांगणारा शब्द गाळायचा आणि ऐकणाऱ्याने तो मनात भरून घ्यायचा, असा हा व्यवहार. ‘सिकलसेल’ म्हणजे विळ्याच्या आकाराची पेशी. इंग्रजीने तोच व्यवहार केला. अडचण इतकीच की साखरभात खाणाऱ्याला मधलं पद सांगावं लागत नाही. सिकलसेल झालेल्याला ते कोणी सांगितलंच नाही.

आणि या आजारात सगळं काही मधल्या पदातच आहे. आकारात.

हे काचेवर पाहायला मिळतं. जुन्या पद्धतीची तपासणी अशी: बोटातला रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटच्या ताज्या द्रावणाचा थेंब मिसळायचा, वर पातळ काच ठेवायची आणि कडा मेणाने बंद करायच्या. द्रावण आतला प्राणवायू काढून घेतं. सुरुवातीला सूक्ष्मदर्शकात सगळ्या पेशी गोल, एकमेकींना लोटत असलेल्या दिसतात. थोड्या वेळाने पुन्हा डोळा लावला तर एखादीला टोक आलेलं असतं, दुसरी केळीसारखी वाकलेली असते. वेळ जाईल तशी काचेवर विळ्यांची रास पडते. निरोगी माणसाच्या थेंबात हे घडत नाही, कितीही वेळ थांबा. बंद काचेखाली पेशी वाकतात हे व्हिक्टर एमेल यांनी १९१७ मध्ये दाखवलं. प्राणवायू काढला की वाकतात आणि पुन्हा दिला की सरळ होतात, हे हान आणि गिलेस्पी यांनी १९२७ मध्ये. म्हणजे विळा हा पेशीचा जन्मजात आकार नव्हे. ती गोल असते, प्राणवायू संपला की विळा होते. पुन्हा पुन्हा असं होत राहिलं की मात्र ती वाकडी ती वाकडीच राहते.

गोल पेशी लवचिक असते, आपल्याहून अरुंद केशवाहिनीतूनही अंग चोरून निघून जाते. विळा अडकतो. एक अडकला की मागचे त्याच्यावर आदळतात आणि पुढच्या भागाचं रक्त तुटतं. त्या वेळी हाडांत, सांध्यांत, पोटात, छातीत जी कळ उठते तिला डॉक्टर ‘क्रायसिस’ म्हणतात. लहानग्यांचे हात-पाय सुजतात. साधी तांबडी पेशी १२० दिवस जगते, विळा झालेली दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, म्हणून डोळे पिवळट, म्हणून धाप. पाणी कमी प्यायलं, थंडी बाधली, ताप आला, अंगमेहनत अति झाली की पेशी वाकायला निमित्त मिळतं. हे सगळं एका ‘आकारा’तून उलगडत जातं.

हा आकार येतो कुठून, त्याचा तळ १९४९ साली लागला. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष पेशीत नसून तिच्या आतल्या हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. रेणूचा आजार ही कल्पनाच तेव्हा नवी होती. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी नेमकं ठिकाण सांगितलं: १४६ अमिनो आम्लांच्या साखळीतला सहावा मणी बदललेला. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन. १४६ मण्यांच्या माळेत एक मणी चुकीचा ओवला, एवढंच.

दुसऱ्या भाषांनी या आजाराला काय म्हटलं हे पाहण्यासारखं आहे. फ्रेंचांनी ग्रीक विळा घेतला, द्रेपानोन, आणि ‘द्रेपानोसितोज’ केलं. पोर्तुगीजांनी लॅटिनमधला दुसरा विळा, फाल्क्स, घेऊन ‘अनेमिया फाल्सिफॉर्मे’ म्हटलं. त्यांनी ‘फॉर्मा’, म्हणजे आकार, शाबूत ठेवला. पण या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून पश्चिम आफ्रिकेत या दुखण्याला नावं होती आणि त्यांत विळा नव्हता. घानातल्या गा भाषेत त्याला ‘च्वेच्वीच्वे’ म्हणत. हा अर्थाचा शब्द नव्हे, कण्हण्याचा आवाज आहे. हाडं पोखरणारी कळ जशी येते तसा उच्चार. घानाचेच डॉक्टर कोनोटे-अहुलू यांनी अशी नावं जमवून ठेवली. नायजेरियातल्या इग्बो लोकांत वारंवार जन्मून वारंवार दगावणाऱ्या मुलाला ‘ओग्बांजे’ म्हणत, येऊन-जाऊन करणारं मूल. त्यातली बरीचशी मुलं याच आजाराची असावीत, असं आता मानतात. पाश्चात्त्य नाव सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्याने ठेवलं, आफ्रिकी नाव कण्हणाऱ्याने आणि त्याच्या आईने.

भारतात या शब्दाची पहिली पावती १९५२ची. हर्मन लेहमन आणि मेरी कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींत या पेशी सापडल्या. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांतही आढळल्याची नोंद झाली. तोवर अमेरिकेत हा ‘काळ्या लोकांचा आजार’ म्हणून पक्का झाला होता. निलगिरीने त्याला पहिला धक्का दिला. नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली. महाराष्ट्रातल्या आदिवासी भागांत पुढे वर्षानुवर्षं हिंडून रक्त तपासण्याचं काम पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी केलं. त्यासाठी त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. लिंगोजवार यांच्यासह त्यांनी २००२ मध्ये जे निष्कर्ष छापले त्यांत भिल्ल, पावरा, माडिया, परधान या समाजांत सिकलसेलचं प्रमाण शंभरात वीस ते पस्तीस इतकं मोठं दिसलं. यांतले बहुतेक वाहक, प्रत्यक्ष रुग्ण त्यामानाने थोडे.

नंदुरबारच्या नकाशावर आता हे ठेवून पाहा. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास आणि तिच्यातले शंभरातले ६९ आदिवासी. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी, वसावे, गावित. उत्तरेला सातपुडा, त्यापलीकडे नर्मदा, खाली तापी. जंगल, पाणी आणि डास.

डासाचा उल्लेख उगीच नाही. ‘मलेरिया’ हाही मुळात जोडशब्दच. इटालियन ‘माला आरिया’, दूषित हवा. दलदलीच्या वाईट हवेने ताप येतो असं मानत असल्यापासूनचं हे नाव, डास नंतर सापडला. १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवून दिलं की ज्याला सिकलसेलचं एकच जनुक मिळालं आहे, म्हणजे जो वाहक आहे, त्याला जिवावर बेतणाऱ्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जिथे मलेरिया पिढ्यानपिढ्या माणसं नेत होता, तिथे वाहक जगले, वाढले आणि जनुकही त्यांच्यासोबत वाढलं. सातपुड्यासारख्या हिवतापाच्या मुलखात सिकलसेल का, याचं उत्तर या हिशेबात आहे. भारतातली आणि अरबस्तानातली या जनुकाची ठेवण आफ्रिकेहून निराळी आहे. तो आफ्रिकेतून आलेला पाहुणा नसून इकडेच स्वतंत्रपणे उपजला, असं अनेक संशोधक मानतात.

गंमत पुढे आहे. आपल्याकडे आरोग्यसेवक ज्याला ‘पीएफ’ म्हणतात तो मलेरियाचा सर्वांत घातक जंतू, त्याचं पूर्ण नाव प्लास्मोडियम फाल्सिपेरम. हाही जोडशब्द आणि त्यातही फाल्क्स, म्हणजे विळा. विळ्याला जन्म देणारा. कारण त्याची एक अवस्था सूक्ष्मदर्शकात चंद्रकोरीसारखी, विळ्यासारखी दिसते. म्हणजे नावांपुरतं बोलायचं तर सातपुड्यात एका विळ्याने दुसऱ्या विळ्याला अडवलं. विळ्या-भोपळ्याचं सख्य आपण ऐकून होतो, विळ्या-विळ्याचं हे वैर भाषेला ठाऊक नव्हतं.

मराठीने मग या शब्दाचं काय केलं? परिभाषा करणाऱ्यांनी प्रयत्न केले. हिंदीत ‘दात्र कोशिका’ हा शब्द झाला आणि पुस्तकांत तो भेटतो. मराठीत ‘विळ्याच्या आकाराच्या पेशी’ असं वर्णन येतं, नाव म्हणून ते चालत नाही. ‘दात्र’चं दैव पाहा. संस्कृतातून उचलून पारिभाषिक शब्दात बसवला तर कोणाला कळत नाही आणि तोच दात्र नवापूरच्या शिवेवर दातरडुं होऊन रोज गवत कापतो. शब्द जिवंत होता, पण परिभाषेच्या कपड्यात कोणी ओळखला नाही. शेवटी जिंकला तो इंग्रजी शब्द, कारण तो तपासणीच्या पथकाबरोबर, औषधाच्या पाकिटाबरोबर, कार्डाबरोबर आला.

कार्डांची या जिल्ह्याला सवय आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीतच दिलं गेलं. नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला १ जुलै १९९८ला. बरोबर पंचवीस वर्षांनी, १ जुलै २०२३ रोजी, मध्य प्रदेशात शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाला सुरुवात झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन हे त्याचं उद्दिष्ट. तपासणी झालेल्याला कार्ड मिळतं. त्याआधी, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने, सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत जागा दिली होती.

शिबिरातली तपासणी आता जुन्या काचपट्टीपेक्षा सोपी झाली आहे. पोरं रांगेत उभी, प्रत्येकाच्या बोटाला टोच. नळीत द्रावण, त्यात वीस-एक मायक्रोलिटर रक्त. पाचेक मिनिटांनी नळी रेघा काढलेल्या कागदापुढे धरायची. पलीकडच्या रेघा दिसल्या तर ठीक, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या तर संशय. पण एवढ्यावर वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही. त्यासाठी नमुना पुढे इलेक्ट्रोफोरेसिसला नाहीतर एचपीएलसीला जातो. तिकडून येतात ती अक्षरं: एए, एएस, एसएस. एए म्हणजे निरोगी, एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. यातला ‘एस’ म्हणजे तोच सिकल, तोच विळा, आता झिजून एका अक्षराएवढा उरलेला. लॅटिन सेकुला, इंग्रजी सिकल, अहवालातला एस. शब्दाचा प्रवास इथे संपतो आणि माणसाचा सुरू होतो.

एसएस व्हायला एस दोन लागतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. पहिलं मूल रुग्ण झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं. फासा दर वेळी नव्याने पडतो.

या जिल्ह्यातले आदिवासी पावसाळा सरला की ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत, सुरत-बार्डोलीच्या साखर कारखान्यांकडे जातात. तिथे आणि आपल्याकडेही मजूर मोजायचं माप आहे ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक तोडणार, एक मोळी बांधणार. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, एकट्या माणसाला नव्हे. म्हणजे पात्याच्या नावाने जोडी ओळखायची रीत आपल्याकडे आधीपासूनच आहे. प्रयोगशाळेचा अहवालही जोडीचाच वाचावा लागतो, एकट्याचा वाचून अर्धंच कळतं. दोन पदांशिवाय समास होत नाही आणि दोन एसांशिवाय एसएस होत नाही.

आता मधल्या गळालेल्या पदाकडे येतो. समासातून शब्द गाळला की तिथे रिकामी जागा राहते आणि रिकामी जागा कोणीतरी भरतंच. अमेरिकेने तिथे ‘काळ्यांचा’ भरलं. आपण ‘आदिवासींचा’ भरलं. विदर्भात अनुसूचित जातींत आणि इतर समाजांतही तो आढळतो आणि ग्रीस-सिसिलीतल्या गोऱ्यांतही आहे, हे कोणाच्या गावी नसतं. पाड्यावर तिथे कधी ‘बाहेरचं’ भरलं जातं, कधी ‘बाईच्या माहेरचा’. निम्मा दोष बापाकडूनच यावा लागतो, हे कळायच्या आत सूनच दोषी ठरलेली असते. एसएसवाल्या मुलीचं लग्न मोडतं, वाहकाला रुग्ण समजून घरात बसवतात. हे अज्ञानाने होतं असं आपण म्हणतो. मला वाटतं, निम्मं तरी शब्दाने होतं. नाव सगळ्यांना पाठ आहे, त्याचा विग्रह कोणालाच सांगितलेला नाही.

त्यासाठी नवा मराठी शब्द घडवायची गरज नाही. ‘सिकलसेल’ राहू द्या, तो आता आपल्यातलाच झाला आहे. पण पाड्यावर जाणाऱ्या प्रत्येक आशाताईने, आश्रमशाळेतल्या प्रत्येक गुरुजींनी एकदा तो फोडून सांगावा. घरातला विळा मागून घ्यावा, शेजारी एखादं गोल बटण ठेवावं आणि म्हणावं: रक्तातला कण असा असतो, दम कमी पडला की असा होतो, आणि असा झाला की अरुंद वाटेत अडकतो. मग पाणी भरपूर का प्यायचं, थंडीत अंग का झाकायचं, ताप आला की लगेच दवाखाना का गाठायचा, फॉलिक अॅसिड आणि डॉक्टरांनी दिलेली हायड्रॉक्सियुरिया का सोडायची नाही, हे वेगळं समजावावं लागत नाही. विळा कोणाच्या जातीचा नसतो, हेही त्यातच कळतं.

आणि लग्न ठरवताना कुळं बघतो, देज ठरवतो, तसे दोघांचे अहवाल शेजारी ठेवून वाचावेत. तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.